खाऊच्या पैशांची फाईल

जूनमधल्या एका रविवारी पोह्यांच्या बशीखाली मला एक अर्ज सापडला. वहीचं फाडलेलं पान, डावीकडे समास, आणि अक्षर शाळेच्या वहीत कधी दिसलं नाही इतकं सुरेख.

'प्रति, माननीय बाबा, हॉल. विषय : खाऊचे पैसे वाढवुन मिळणेबाबत. संदर्भ : आपले दि. १२ रोजीचे तोंडी उत्तर ("बघू"). महोदय, मी इयत्ता सातवीत शिकणारा आपला मुलगा असून मला दर आठवड्याला ५० रु. मिळतात. ते १०० करावेत, ही नम्र विनंती. कळावे, आपला आज्ञाधारक.' खाली सही. सहीच्या खाली 'सोबत : कात्रण एक'.

थोरल्याला मराठीच्या पेपरात पत्रलेखन असतं, हे मला ठाऊक होतं. पण शाळेत शिकवलेलं मुलं घरी वापरतील अशी भीती मला कधी वाटली नव्हती. आमच्या वेळी तसं होत नसे.

मी एका कार्यालयाच्या लेखा विभागात बावीस वर्षं काढली आहेत. लोकांच्या प्रवासभत्त्याच्या बिलांवर 'पावती जोडलेली नाही, सबब परत' असं लिहिण्यात माझी हयात गेली. अर्ज आला की आधी त्यातली चूक शोधायची, म्हणजे रकमेकडे बघावं लागत नाही, या पायावर आमचं खातं उभं आहे. चूक सापडली. 'वाढवुन'मधला 'वु' ऱ्हस्व होता. मी त्याला लाल पेनानं गोल केला, 'शुद्धलेखन सुधारून फेरसादर करावे' असा शेरा मारला आणि निदान दोन आठवड्यांची निश्चिंती झाली, असं समजून पोह्यांवर लिंबू पिळलं. पोहे संपायच्या आत सुधारलेला अर्ज बशीशेजारी येऊन पडला. माझ्या खात्यात हा मुलगा एक दिवस टिकला नसता.

आता कात्रण बघणं भाग होतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २३ रुपयांवरून २६ रुपये झाल्याची ती बातमी होती.

"तीन रुपये वाढले. म्हणजे तेरा टक्के," थोरला म्हणाला. त्याला शेकडेवारी मी स्वतः शिकवली होती. त्या रात्री ती त्याला लवकर समजली म्हणून मी आइस्क्रीमसुद्धा आणलं होतं.

"तू कुठे जातोस रिक्षानं?"

"मी नाही जात. पण बटाटे येतात. कँटीनचा सामोसा पंधराचा वीस झाला."

मी म्हणालो, "बघू." त्यानं अर्जाच्या मागे तारीख टाकून लिहिलं, 'दुसरे बघू'.

आता खरं सांगायचं तर मुलाला खाऊचे पैसे किती द्यावेत, हे मला ठाऊक असण्याचं काही कारण नाही. मला ते कधी मिळालेच नाहीत. आमच्या लहानपणी पैसे मागितले की एकच उत्तर यायचं, "घरात काय कमी आहे?" घरात काय कमी आहे हे सांगायला बसलो असतो तर रात्र झाली असती, पण तो प्रश्न उत्तरासाठी नसायचाच. आमचं सगळं उत्पन्न पाहुण्यांवर अवलंबून असे.

त्याचा एक ठरलेला विधी होता. पाहुणे निघायचे, चपला घालायचे, आणि मग मावशीआजी कमरेची चंची सोडायची. दोन रुपयांची नोट बाहेर यायची. "घे रे, खाऊला." इथून पुढे माझा काही संबंध उरत नसे. आई म्हणायची, "नको हो, कशाला? सवय लागते मुलांना." मावशीआजी म्हणायची, "मी का परकी आहे?" ती नोट माझ्या खिशात जायची, आईच्या हातानं बाहेर यायची, मावशीआजीच्या चंचीत परत जायची, पुन्हा माझ्या मुठीत यायची. चार फेऱ्यांत ती इतकी चुरगळायची, की शेवटी घेणाऱ्याला उपकार केल्यासारखं वाटावं. मग "नमस्कार कर". नमस्कार करून उठेपर्यंत मी दोन रुपयांचा मालक असे. पाहुणे कोपऱ्यावर वळले की आईचा तळवा माझ्यापुढे यायचा. "इकडे दे. तुझ्यासाठी ठेवते."

मध्ये एकदा मी सहज विचारलं, "आई, ते तू माझ्यासाठी ठेवलेले पैसे कुठे आहेत गं?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला वाढवला कोणी?"

एवढ्या एका ओळीत एवढा मोठा ताळेबंद मिटवलेला मी माझ्या नोकरीत पाहिलेला नाही.

तेव्हा अनुभव नसलेल्या माणसानं जे करायचं ते मी केलं. सल्ले घेतले. पहिला सल्ला अण्णांचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, पोस्टात अडतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. पैसा म्हटला की त्यांना एकच जागा दिसते.

"पैसे मुलाच्या हातात द्यायचे नसतात, पोस्टात द्यायचे असतात," अण्णा म्हणाले. "१९८८ साली किसान विकास पत्र निघालं. साडेपाच वर्षांत दुप्पट! लोक रांगा लावायचे माझ्या खिडकीशी."

"आता किती वर्षांत होतात आजोबा?" थोरल्यानं विचारलं.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "एकशे पंधरा महिने."

थोरल्यानं बोटं मोजली. "नऊ वर्षं सात महिने. तोपर्यंत सामोसापण दुप्पट झालेला असेल. मग मी आत्ताच नाही का खाणार?"

अण्णा गप्प झाले. पण अण्णांचं खरं दुःख पोस्टाच्याही आधीचं आहे. १९५७ साली नवे पैसे आले, तेव्हा ते सात वर्षांचे होते. पूर्वी सोळा आण्यांचा रुपया, आता शंभर नव्या पैशांचा. चार आण्यांची पावली दिली तर पंचवीस नवे पैसे मिळायचे, पण एकटा आणा दिला तर सहाच. अण्णांनी जत्रेसाठी जमवलेले चार आणे एकेक करून मोडले आणि हातात चोवीस पैसे आले. "एक पैसा गेला कुठे?" हा प्रश्न त्यांनी तेव्हा वाण्याला विचारला, पुढे पोस्टात साहेबांना विचारला, आणि आता अधूनमधून मला विचारतात. मी लेखा विभागात आहे, म्हणून.

दुसरा सल्ला सोसायटीचा. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत रात्री जेवणानंतर पुरुष मंडळी पोट कमी करायला गोल गोल फिरतात आणि गेटपाशी कुल्फी खातात. तिथे मी विषय काढला.

सी विंगमधले एक गृहस्थ म्हणाले, "आम्ही मुलाच्या हातात पैसे देतच नाही. सवय वाईट. मागेल ते आणून देतो."

दुसरे म्हणाले, "आमच्या मुलीला महिन्याला दोन हजार देतो. पण ती काही खर्चच करत नाही हो!" हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं, पण चेहरा दहावीचा निकाल सांगतानाचा होता.

तिसरे शास्त्रीय वृत्तीचे. ते म्हणाले, "सोप्पं आहे. इयत्ता गुणिले दहा." मला हे पटलं. सूत्र असलं की माणसाला निर्णय घ्यावा लागत नाही. घरी येऊन मी जाहीर केलं, की थोरल्याला सत्तर आणि तिसरीतल्या धाकटीला तीस.

धाकटी तोवर या सगळ्यात नव्हती. ती आता आली. "बाबा, तुझी इयत्ता कुठली?"

"मी बी.कॉम. आहे."

"म्हणजे कितवी?"

"पंधरावी."

"मग तुला दीडशे. पुरतात का रे तुला?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पुरतात. मी देते तेवढेच." आणि सूत्र तिथेच बारगळलं.

बायकोचं मत असं पडलं, की फुकट द्यायचेच कशाला? कष्टाची किंमत कळू दे. हा विचार इतका भारदस्त होता की मी त्याच रात्री दरपत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. पाण्याची बाटली भरणे २ रु., बूट जागेवर ठेवणे १ रु. (जोडीचा), रद्दी बांधणे ५ रु.

चौथ्या दिवशी फ्रिज उघडला तर आत एकोणीस बाटल्या होत्या. भाजी ओट्यावर सुकत होती. शिवाय त्या बाटल्या थोरल्यानं भरलेल्याच नव्हत्या. त्यानं ते काम धाकटीला ५० पैसे बाटलीच्या दरानं पोटठेक्यानं दिलं होतं. मी त्याला गाठलं. म्हटलं, ५० पैसे तू देतोस कसे? २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ ला बंद झालं, ५० पैशांचं कायद्यानं चालतं खरं, पण भाजीवालीच्या पुढे टाकून बघ. तो शांतपणे म्हणाला, "दोन बाटल्या भरल्या की एक रुपया देतो. एक भरली तर काहीच नाही." धाकटीनं त्या आठवड्यात विषम संख्येच्या बाटल्या भरल्या होत्या. तिचे आठ आणे बुडले, हे ऐकून अण्णा कॉटवरून उठून बसले. त्यांना चोवीस पैसे आठवले.

पण दरपत्रक खाली उतरलं ते दुसऱ्याच कारणानं. रविवारी दुपारी अण्णांनी पाणी मागितलं. थोरल्यानं विचारलं, "पेला की तांब्या? तांब्याचा दर अजून ठरायचाय."

त्यानंतर अण्णा जे बोलले, त्यात पोस्ट एकदाही आलं नाही. यावरून त्यांचा संताप लक्षात यावा. दरपत्रक मी स्वतः फाडलं. फ्रिजच्या दारावर चिकटपट्टीचे चार कोपरे अजून आहेत.

मग मी ठरवलं, विश्वास टाकायचा. पहिल्या तारखेला महिन्याचे एकदम ३०० रुपये द्यायचे, सोबत एक वही द्यायची, आणि मधे बोलायचं नाही. पैसे चार तारखेला संपले. वही मात्र चोख होती. बावीस वर्षं हिशेब तपासलेला माणूस मी, पण असा प्रामाणिक हिशेब पाहिला नव्हता :

'सामोसा २०. सामोसा (मित्राला) २०. मित्राने परत दिले नाहीत २०. हरवले १०. सापडले १०. परत हरवले १०. शिवणाऱ्या मावशींकडे सुट्टे नव्हते म्हणून सोडून दिले ५. इतर : उरलेले सगळे.'

"इतर म्हणजे काय?"

"तेच आठवत नाही, म्हणून इतर."

यावर मला काही बोलता आलं नाही. आमच्याकडच्या वार्षिक अहवालातही 'इतर' असतं आणि त्याचंही कारण हेच असतं.

उरलेले सव्वीस दिवस थोरला घरात अशा चेहऱ्यानं वावरला, की दुष्काळी भागात पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनासुद्धा पाझर फुटावा. तो काही मागत नसे. नुसता शाळेच्या डब्याकडे बघून निःश्वास टाकी. बायकोला पहिल्या आठवड्यात दया आली, ५० रुपये गेले. मला 'प्रकल्पासाठी थर्माकोल' म्हणून शंभर द्यावे लागले. आणि माझी आई तर मदतकार्यात पहिल्या दिवसापासून होतीच.

आईकडे हळदीकुंकवाच्या जुन्या डब्यात दहादहाच्या नोटा असतात. थोरला शाळेत निघाला की ती एक नोट त्याच्या मुठीत कोंबते आणि कानात सांगते, "बाबाला सांगू नकोस. धाकटीलापण नाही." धाकटी निघाली की तिलाही हेच सांगते, फक्त नाव बदलते. दोन्ही मुलांची गेली कित्येक वर्षं अशी समजूत आहे, की आजी फक्त आपल्यालाच देते. मला हे माहीत असण्याचं कारण म्हणजे कधी कधी मी ऑफिसला निघतानाही ती माझ्या मुठीत दहाची नोट ठेवते. "असू दे. बायकोला सांगू नकोस." त्या महिन्यात थोरल्याला आईकडून ८० रुपये गेले. एकूण ५३०. काटकसर शिकवायला मी जो महिना निवडला, तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत भरभराटीचा महिना ठरला.

शेवटी मी 'अंतिम निर्णय होईपर्यंत जुन्या दराने' असा हुकूम काढून आठवड्याला ५० वर परत आलो. आणि इथे एक गोष्ट घडायला लागली. ती माझ्या लक्षात आली नाही, कारण ती मीच करत होतो.

आमच्या घरात आता मोठ्या माणसांकडे रोख पैसा नसतो. कोथिंबिरीच्या दहा रुपयांनासुद्धा मी फोन काढतो. पण आठवड्यातून चारदा असा प्रसंग येतो, की फोन चालत नाही. रिक्षावाल्याचं नेटवर्क नसतं. इस्त्रीवाल्याचा मुलगा येतो आणि "पप्पांनी रोख आणायला सांगितलंय" म्हणून दारात उभा राहतो. देवळात आरतीचं ताट पुढे येतं आणि आपण खिसे चाचपत ओशाळं हसतो. अशा वेळी घरात नोटा असतात त्या फक्त एका ठिकाणी. थोरल्याच्या गल्ल्यात.

"बाळा, पन्नास आहेत का रे? उद्या देतो."

दर शनिवारी त्याचे ५० रुपये द्यायची वेळ यायची, तेव्हा माझ्या खिशात नोट नसायची. "पुढच्या आठवड्यात दोन्ही एकदम," मी म्हणायचो. रिझर्व्ह बँक दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवू देते. आमच्या घरात सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला तेवढी मुभा नाही. माझ्या खात्याचा ओटीपी बायकोच्या फोनवर येतो.

गेल्या रविवारी पोह्यांच्या बशीखाली पुन्हा कागद होता. मी तो न वाचताच हात वर केला. म्हटलं, झालं एवढं पुरे, आज निकाल लावू. घरातल्या सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. घसा साफ केला. "सर्व बाजूंचा विचार करून," मी म्हणालो, "आठवड्याला ७५ रुपये मंजूर."

अण्णांनी मान हलवली. बायकोनं कौतुकानं माझ्याकडे बघितलं, असं मला वाटलं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. थोरला म्हणाला, "थँक्यू बाबा. पण अर्ज वाच ना."

मी वाचला. 'विषय : थकीत रक्कम मिळणेबाबत. स्मरणपत्र क्र. ३. बाबांकडून येणे : नारळ ४०. रिक्षा ३०. इस्त्री ६५. देवळात दक्षिणा (बाबाने स्वतःच्या नावाने टाकली) १०. "उद्या देतो" ५०. तीन आठवड्यांचे खाऊचे पैसे १५०. एकूण ३४५.' आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यानं खाली पेनानं भर घातली : 'आजचे ७५. एकूण ४२०.'

"स्मरणपत्र तीन? एक आणि दोन कुठे आहेत?"

"तुझ्या ऑफिसच्या बॅगेत. तू उघडून बघत नाहीस."

मी सवयीनं म्हणालो, "याला पावत्या कुठे आहेत?"

हे मी म्हणायला नको होतं. धाकटी आत जाऊन नारळाची शेंडी घेऊन आली.

"एक पैसा सोडू नकोस लेका!" अण्णा ओरडले. "मी सोडला होता, अजून सापडला नाही."

मी खिशात हात घातला. फोन होता. पाकीट काढलं. त्यात आधार कार्ड, तीन जुनी बिलं आणि मागच्या वर्षीचा गणपतीचा अंगारा निघाला. बायको म्हणाली, "एटीएममधून आणू का?" मी नको म्हणालो. एवढ्या लोकांसमोर ओटीपी मागणं बरं दिसलं नसतं.

मी उठून आईच्या खोलीत गेलो. ती सगळं ऐकत होती. तिनं काही विचारलं नाही. हळदीकुंकवाचा डबा काढला आणि दहादहाच्या बेचाळीस नोटा मोजून माझ्या हातावर ठेवल्या. "परत करशील ना रे?"

"उद्या," मी म्हणालो.

मी हॉलमध्ये आलो, थोरल्याच्या हातावर ४२० रुपये ठेवले. त्यानं ते मोजले, वहीत 'मिळाले' असं लिहिलं, मला सही करायला लावली. मी घरात ताठ मानेनं उभा राहिलो. असा क्षण वर्षातून एकदाच येतो.

तेवढ्यात आई मागून आली. तिचा तळवा थोरल्यापुढे पसरलेला होता.

"एवढे पैसे लहान मुलानं जवळ ठेवू नयेत. इकडे दे. तुझ्यासाठी ठेवते."

आईच्या डब्यात दहाच्या नोटा येतात कुठून, हे मला त्या क्षणी कळलं. मावशीआजीच्या चंचीतली ती चुरगळलेली नोट माझ्या खिशातून निघून चाळीस वर्षं आमच्याच घरात फिरत होती. कधी ती माझी फी झाली, कधी नातवाच्या मुठीत गेली, आणि आत्ता माझं कर्ज फेडून परत डब्याकडे निघाली होती. मुलाला किती द्यावेत यावर आम्ही तीन महिने डोकं फोडत होतो. आकडा कुठलाही ठरला असता, तरी शेवटी तो या डब्यातच येणार होता.

थोरल्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला सावध करणं बाप म्हणून माझं कर्तव्य होतं. पण सोमवारी सकाळी रिक्षाला सुट्टे लागणार होते, आणि डब्यातून घेणं मला गल्ल्यातून घेण्यापेक्षा सोयीचं होतं. डब्याला वही नाही.

"दे आजीला," मी म्हणालो.

त्यानं नोटा पुढे केल्या, पण सोडल्या नाहीत. "आजी, पावती देशील?"

आई त्याच्याकडे बघून गोड हसली. "तुला वाढवतंय कोण?"